निळ्या चौकड्याचं दुपटं

एसटी स्टँडवर शेजारच्या बाकावर एक बाळ झोपलंय. अंगावर दुपटं आहे, आमच्या शाळेच्या गणवेशातल्या निळ्या चौकड्याचं. बाळाची आई वळून बघते. "बाई, ओळखलंत?" माझ्या वर्गातली सुमन, कोरोनाच्या वर्षी आठवीत होती.

कोरोनात शाळा उघडायची का, म्हणून पालकसभा झाली होती. आमचे हेडसर नुकतेच त्यात गेले होते. मी ठाम नाही म्हणाले. तेव्हा सुमनची आई उठली. "उघडा हो बाई शाळा. पोरगी घरात दिसली की पाहुणे लग्नाचं विचारायला येतात. शाळा चालू असली की सांगता तरी येतं, शिकतीय म्हणून."

"आणि तिच्या जिवाला काही झालं तर?" मी चिडून विचारलं. ती खाली बसली. शाळा बंदच राहिली.

एकाच पोरीला जपत होतो आम्ही दोघी. मी आजाराकडे बघत राहिले. तिच्या आईला दारातले पाहुणे दिसत होते. आज राग येतो, पण कुणावर काढू?

बाळ कूस बदलतं. सुमन दुपटं सारखं करते. त्या वर्षी शिवलेला गणवेश तिनं एकदाही घातला नव्हता. निळा रंग जरासुद्धा विटलेला नाही.