एकच खून असलेली कादंबरी

मराठीत आजवर जेवढ्या गुन्हेगारी कादंबऱ्या लिहिल्या गेल्या असतील, त्यांत सर्वांत कमी माणसे आमच्या व्याह्यांच्या कादंबरीत मेली, हे मी जबाबदारीने सांगू शकतो. कादंबरीत दोन टोळ्या होत्या, चाकू आणि कोयते होते, जवळजवळ प्रत्येक प्रकरणात निदान एकावर तरी वार होत होता. पण वार झालेला माणूस लगेच रिक्षात पडायचा, रिक्षाला वाटेत एकही सिग्नल लागायचा नाही, सिव्हिलच्या दारात डॉक्टर वाट बघत उभे असायचे आणि पुढच्या प्रकरणात जखमी बाहेरच्या टपरीवर चहा पिताना सापडायचा. व्याह्यांनी आयुष्यभर विमा विकला. 'उद्या तुम्हाला काही झालं तर' या एका वाक्यावर त्यांनी सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेतला आणि दोन्ही मुलींची लग्ने केली. त्यांतली धाकटी माझी सून. निवृत्तीनंतर मात्र कोणालाही काही होऊ देणे त्यांना जमेना. मी वर्तमानपत्रात गुन्ह्यांच्या बातम्या लिहिणारा, म्हणून हस्तलिखित प्रथम माझ्याकडे आले. "एवढे वार आणि मयत एकही नाही?" मी विचारले. ते अवघडून म्हणाले, "व्याहीबुवा, मारायला हरकत नाही. पण त्याच्या मागं घरी कोण कोण आहे, ते अजून माझं ठरलेलं नाही."

तपशिलात मात्र ते हयगय करीत नसत. एका प्रकरणात बंद गिरणीच्या मागच्या मैदानात दोन्ही टोळ्यांची गाठ ठरलेली होती. वाचकाचा श्वास अडकावा अशी तयारी त्यांनी केली आणि ऐन वेळी दोन्ही वस्त्यांत नळाला पाणी आले. टोळ्या घरी गेल्या. प्रकरण बादल्या भरण्यात संपले. मी तक्रार केली, तेव्हा ते मलाच म्हणाले, "चार-पाच दिवसांनी पाणी आल्यावर कुठली आई पोराला मारामारीला सोडेल, सांगा की."

पोलिसांच्या बाबतीत त्यांची पंचाईत वेगळी होती. आरोपी तोंडावर काळा बुरखा घालून खाली बसलेला आणि मागे पथक उभे, असा फोटो छापून यावा म्हणून पोलिसांत चुरस असते. एकाच आरोपीला दोन पथकांनी पकडल्याच्या दोन प्रेसनोट मी स्वतः हाताळल्या आहेत. व्याह्यांच्या कादंबरीतही एक पथक पोलीस ठाण्याचे, दुसरे गुन्हे शाखेचे. दोन्हीकडचा एकेक हवालदार त्यांचा जुना पॉलिसीधारक. कादंबरीची बातमी लागताच दोघे वेगवेगळ्या दिवशी येऊन चहा पिऊन गेले. ठाण्याचा व्याह्यांना म्हणाला, "अप्पा, कष्ट आमचे हायत, फोटो त्यांचा नको." गुन्हे शाखेचा म्हणाला, "खबर आमची. ठाण्याला तर रस्ता सुदीक ठाऊक न्हाय." कोणालाही नाराज करणे व्याह्यांच्या स्वभावात नव्हते. बराच काळ कादंबरीतला आरोपी दोन पथकांच्या मधे, दोन्ही हात दोघांच्या हातात, असा ताटकळत उभा होता. शेवटी त्यांनी त्याला चौकातल्या वाहतूक पोलिसासमोर शरण आणले. त्यानंतर दोन्ही हवालदार चहाला यायचे बंद झाले.

रविवारी सकाळी इमारतीमागच्या चहाच्या गाड्यावर ते नवे प्रकरण वाचून दाखवीत. ऐकायला परिसरातली रिकामी पोरे जमत. पोरांना वाङ्मयाची ओढ नव्हती. पुस्तकात आपल्याला कोणती जागा मिळते, याची होती. कोणाला भाई व्हायचे होते, कोणाला भाईचा उजवा हात. "अप्पा, माझ्याकडं निदान बुलेट द्या की वो," असे अर्ज येत. यांतला नागेश विशीच्या आतला, दिसायला देखणा आणि अप्पांचा लाडका. त्याने वाढदिवसाचा केक दुचाकीच्या सीटवर ठेवून कोयत्याने कापला होता. त्याचा व्हिडिओ फिरल्यावर ठाण्यात नेऊन त्याच्याकडून माफीचाही व्हिडिओ करून घेतला गेला. नागेशने दोन्ही व्हिडिओ मोबाइलवर अभिमानाने जपले होते. कादंबरीचा नायक तोच झाला. त्याच्यावर सर्वांत जास्त वार झाले आणि सर्वांत जास्त वेळा तो वाचला.

एका रविवारी वाचन चालू असताना नागेशची आई आली. ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलला शिलाई मारते. पोरे उठून गेली. मी तिथेच होतो. ती उभ्यानेच म्हणाली, "अप्पा, माज्या पोराला मारा."

व्याह्यांना वाटले, दोन थोबाडीत द्यायला सांगते आहे. ते म्हणाले, "अहो ताई, मी कसा हात उचलू?"

"हातानं न्हाय. पुस्तकात. तुमच्या पुस्तकात सुरा लागला तरी पोरगं च्या प्यायला उठतंय. त्याला खरंच तसं वाटाय लागलंय. काल उशाखाली सुरा घावला मला." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "मी बोलले तर ऐकत न्हाय. तुमचं ऐकतंय."

ते प्रकरण लिहायला व्याह्यांना फार दिवस लागले. सूनबाई माहेरी जाऊन आली, ती सांगत होती की बाबा जेवणावरून अर्धवट उठतात. वाचनाच्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावले. त्यांनी सपाट आवाजात वाचले. या वेळी रिक्षा मिळाली नाही. संपल्यावर पोरांनी शिट्ट्या मारल्या. "नाग्या, नाद न्हाय करायचा! एंट्रीपेक्षा एक्झिट भारी!" नागेश खूश होता. त्याने एकच विचारले, "अप्पा, मयतीला किती लोकं हुती वो? रस्ता जाम झाला का?"

व्याह्यांनी चष्मा काढला. हे त्यांनी लिहिलेले नव्हते. ते म्हणाले, "चौघं. तुझी आई, मामा, मी आणि शववाहिकेचा ड्रायव्हर. खांद्याला माणूस कमी पडला म्हणून ड्रायव्हरनं हात लावला."

"आन् ही पोरं?"

"पोलीस चौकशीला बोलावतील म्हणून मोबाइल बंद करून घरात बसली होती."

पोरे हसली. हसताना एकाचे लक्ष दुसऱ्याकडे गेले आणि हसणे थांबले. नागेश एकेकाकडे बघत राहिला. 'मी आलो असतो रे' असे कोणीतरी म्हणेल, म्हणून मीही वाट पाहिली. कोणी म्हणाले नाही. त्याने ग्लास ठेवला आणि तो निघून गेला.

त्या आठवड्यात आईने त्याला उजनीकाठी मामाकडे धाडले. तिथे तो केळीच्या बागेला पाणी देतो, असे कळते. पुण्याच्या प्रकाशकाने ते प्रकरण वाचून कळवले की आता कादंबरीत जान आली, असे आणखी पाच-सहा मृत्यू घालावेत. व्याह्यांनी उत्तर पाठवले नाही. त्यानंतर त्यांनी एक ओळही लिहिलेली नाही. रविवारी ते गाड्यावर जातात, चहा घेतात, परत येतात.

परवा मी त्यांच्याकडे असताना नागेशचा फोन आला. व्याह्यांना कमी ऐकू येते, म्हणून त्यांचा स्पीकर कायम चालू असतो. मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज होता.

"अप्पा, हितं लई बोअर होतंय वो. पुस्तकात तरी मला उठवा की. सिव्हिलमधी न्यायचं, च्या पाजायचा. तुमाला काय अवघड हाय?"

"नाही रे. जमत नाही," व्याही म्हणाले.

"का वो?"

"पुस्तकात उठवलं तर तुला इथं यावंसं वाटेल."

"मंग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "सरीचं पाणी बदलायचं हाय." फोन बंद झाला. व्याह्यांनी तो मांडीवर ठेवला आणि तसेच बसून राहिले. पोरगे सुखरूप आहे, हे त्यांना माझ्याइतकेच माहीत होते. तरी मयत झालेल्या घरी भेटायला गेल्यावर बसतो, तसा मी त्यांच्याशेजारी बसलो.