साखऱ्याच्या गाडीचे ऑइल

उत्तरेतील एका खिंडीच्या पायथ्याशी आमच्या ट्रान्सपोर्ट युनिटची पोस्टिंग होती. त्या युनिटमध्ये हिंगोली जिल्ह्यातील आम्ही तिघे होतो. मी शिरड शहापूरचा, हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. दत्ता डोंगरकड्याचा, नायक, ड्रायव्हर. प्रदीप साखऱ्याचा, लान्स नायक, दत्ताच्या गाडीवरील को-ड्रायव्हर. गाडीतील रेडिओसेट तोच सांभाळत असे. मी बी.एस्सी. होऊन भरती झालो होतो, म्हणून दोघेही मला मास्तर म्हणत.

दिनक्रम ठरलेला होता. सकाळी फर्स्ट परेड. गाडी सुरू करण्यापूर्वी ड्रायव्हर ऑइल, पाणी आणि टायर तपासतो, त्या तपासणीला फर्स्ट परेड म्हणतात. त्यानंतर कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, वर खिंडीकडे जाई. मेकॅनिक खाली वर्कशॉपमध्ये राही. वर एखादी गाडी बिघडली तरच त्याला बोलावणे येई. ज्या दिवशी सगळे सुरळीत पार पडते, त्या दिवशी मेकॅनिकची आठवण कोणाला होत नाही. ही तक्रार नव्हे. त्या ट्रेडचे स्वरूपच तसे आहे.

एका हिवाळ्यात कॉन्व्हॉय खिंडीच्या अलीकडे थांबला. रस्त्यावर बर्फ घसरून आले होते. प्रदीप गाडीतून उतरला, पुढे चालत गेला, वाट पाहिली आणि वळून दत्ताला हाताने ‘ये’ अशी खूण केली. त्याच वेळी वरून बर्फाचा दुसरा लोंढा आला. दत्ताने फावडे मिळेपर्यंत हातांनी बर्फ उकरले. प्रदीप संध्याकाळपूर्वी सापडला. तो जिवंत नव्हता.

दत्ता तेथे होता. मी खाली होतो.

आता आम्ही दोघेही निवृत्त आहोत. दरवर्षी त्या तारखेला आम्ही साखऱ्याला प्रदीपच्या घरी जातो. घरात त्याची आई शेवंताबाई आणि बहीण सुनीता असतात. आम्ही शेवंताबाईंना माय म्हणतो. सुनीता सेनगावला नर्स आहे. सकाळी घरात बुद्धवंदना होते. मग सगळे फाट्यावरील प्रदीपच्या स्मारकाजवळ जाऊन फुले वाहतात, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात आणि परततात. परतल्यावर माय दत्ताला आपल्याजवळ बसवते आणि म्हणते, “सांग.”

दत्ता सांगतो. प्रदीप कसा उतरला, मफलर कसा गुंडाळला होता, कोणता हात वर केला. दत्ता उत्तम सांगतो. तो उभा राहून ती खूण करून दाखवतो. माय त्याच्या हाताकडे पाहत राहते. मी तेवढ्यात अंगणात जातो. तेथे पत्र्याच्या शेडमध्ये प्रदीपची गाडी असते.

ती जुनी, पांढरी, पेट्रोलवर चालणारी लहान कार आहे. एका सुट्टीत प्रदीपने ती तिसऱ्या मालकाकडून विकत घेतली होती, मायला हिंगोलीच्या दवाखान्यात बसने जावे लागू नये म्हणून. स्मारकाकडे माय याच गाडीतून जाते. दरवर्षी मी आदल्या दिवशी पोहोचतो, ऑइल बदलतो, बॅटरी चार्ज करतो, प्लग साफ करतो. दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर दत्ता बसतो. माय त्याच्या शेजारी बसते. मी मागे, मांडीवर फुलांची टोपली घेऊन.

मला दत्ताचा हेवा वाटत असे. येथे एखादा सौम्य शब्द वापरता आला असता, पण अचूक शब्द हाच आहे. एका मरणाचा साक्षीदार असणे ही हेवा करण्यासारखी गोष्ट नव्हे, हे मला कळत होते. तरीही त्या घरात दत्ताजवळ प्रदीपचे शेवटचे क्षण होते आणि माझ्याजवळ स्पॅनर होता.

यंदा मी पोहोचलो तेव्हा सुनीता शेडच्या दाराशीच उभी होती.

“मास्तरदादा, गाडीचं हे शेवटचं वर्ष बरं का.”

“काय झाले?”

“खाली बघा की. समदं ऑइल गळून राहिलं. फरशी काळी झाली. हिंगोलीचा गॅरेजवाला बघून गेला. म्हणला, मागचं सील गेलं, इंजिन उतरवावं लागते. इतक्या जुन्या गाडीचं इंजिन कोण उतरवते? परवा भंगारवाला येऊन राहिला.”

“मायला विचारलेस?”

“विचारलं. म्हणली, मास्तर म्हणल तसं.”

मी वाकून पाहिले. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जोडले जातात, त्या जागेच्या खाली ऑइलचा थेंब लोंबत होता. गॅरेजवाल्याचा अंदाज चुकीचा म्हणता येत नव्हता. इंजिनच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारे सील गेले की थेंब तेथेच पडतो. निदान तेच ठरले असते तर सुनीताचा निर्णय मलाही मान्य करावा लागला असता. मग पुढच्या वर्षी मी साखऱ्याला कशासाठी यायचे होते? दुसऱ्याच्या घरी वारंवार जायला माणसाला काही कारण लागते. माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्याला तर लागतेच. माझे कारण शेडमध्ये उभे होते आणि परवा ते भंगारात जाणार होते.

ऑइल जेथे टपकते, तेथूनच ते गळते असे नाही. ते वर कोठेतरी बाहेर पडते, कडेकडेने खाली उतरते आणि सर्वांत खालच्या टोकावरून पडते. म्हणून शोध खालून वर करावा लागतो. आधी सगळे इंजिन धुऊन कोरडे करायचे, त्यावर पांढरी पावडर उडवायची, इंजिन चालवायचे आणि पाहायचे. जी ओली जागा सर्वांत उंचावर दिसेल, तिथे दोष.

धुण्यासाठी सुनीता आणि मी गाडी ढकलून शेडबाहेर सपाट अंगणात आणली. मी सवयीने प्रथम ऑइलची पट्टी काढली. ती पुसली, आत घातली, पुन्हा बाहेर काढली. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोहोंच्या मध्ये असावे लागते. येथे ते वरच्या खुणेच्या बरेच वर होते, आणि रंग नव्या ऑइलसारखा मधाळ होता.

इतके दिवस गळणाऱ्या इंजिनात ऑइल कमी असायला हवे. येथे ते जास्त होते. वर्षापूर्वी ते मी स्वतः मोजून भरले होते.

माय ओसरीवर सुपात तूर पाखडत होती.

“माय, गाडीत ऑइल कोण टाकते?”

“दत्ता टाकतो की.”

“कधी?”

“येतो तवा. महिन्या-दीड महिन्याला येतोच. तुला म्हाईत न्हाई व्हय?”

“नाही.”

“सकाळच्याला येतो. गाडी बघतो, च्या पितो, बसतो, सांगतो, जातो.” तिने सूप आपटले. “गुणाचं लेकरू हाय.”

मी पट्टी पुसली. पुन्हा बुडवली, पुन्हा पुसली. तपासण्यासारखे काही उरले नव्हते. मी वर्षातून एकदा येत होतो आणि त्याला आमची समान हजेरी समजत होतो.

मात्र प्रश्न बाकी होता. दत्ता निष्काळजी ड्रायव्हर नव्हता. पट्टी पाहिल्याशिवाय तो ऑइल ओतणार नाही. मग त्याला ते कमी का दिसले? उत्तर शेडच्या जमिनीत होते. पावसाचे पाणी मागे निघून जावे म्हणून ती मागच्या बाजूला उतरती केली होती. दत्ता फौजी शिस्तीप्रमाणे गाडी नेहमी रिव्हर्स घेऊन उभी करी, तोंड रस्त्याकडे, म्हणजे हुकूम आला की सरळ निघता येते. त्यामुळे गाडीचे नाक वर राही आणि ऑइल मागे जमा होई. या इंजिनात पट्टी पुढच्या बाजूला आहे. ती कमीच दाखवणार. कोठूनतरी एक थेंब गळालेला दत्ताने पाहिला असेल, पट्टीवर कमी पाहिले असेल आणि दर वेळी थोडे ओतले असेल. जास्तीचे ऑइल इंजिनात फिरणाऱ्या क्रँकने घुसळले जाते, आतला दाब वाढतो आणि जेथे सांध्यातील गॅस्केट जुने झाले असेल तेथून ऑइल वाट काढते. जितके अधिक ओतले, तितके अधिक गळले.

मी जास्तीचे ऑइल काढले. इंजिन रॉकेलने धुतले, पुसले, सुनीताकडून टाल्कम पावडरचा डबा घेतला आणि मागची सगळी बाजू पांढरी केली. इंजिन सुरू केले तेवढ्यात दत्ता मोटारसायकलवरून आला.

“काय मास्तर, इंजिनाला लई घाम आला का? पावडर लावून राहिले!”

मी टॉर्च धरला. पावडरीत एक बारीक ओली रेघ उमटत होती. ती खालून वर पाहत गेलो. ती इंजिनच्या अगदी माथ्यावर, व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्याशी संपली. तेथील बुचाचे, म्हणजे कॉर्कचे, गॅस्केट कडक होऊन तडकले होते. त्याखालचे मागचे सील कोरडे होते. इंजिन उतरवण्याची गरज नव्हती. माझ्याजवळ बुचाची शीट होती. मी कव्हर काढून शीटवर ठेवले, आकार आखला आणि कात्रीने नवे गॅस्केट कापून बसवले. दत्ता शेजारी उभा राहून बोल्ट हातात देत होता.

काम झाल्यावर मी ओसरीवर गेलो. माय होती, सुनीता होती, मागोमाग दत्ता आला. मी मुद्दाम सर्वांसमोर बोललो.

“सील चांगले आहे. वरचे गॅस्केट गेले होते, ते बदलले. पण एवढी गळती दत्तामुळे झाली. तो वर्षभर गरज नसताना ऑइल ओतत होता.”

“मी?” दत्ता हसला. “ओ मास्तर, मी टाकलं म्हणून इंजिन जाम झालं न्हाई!”

“फर्स्ट परेड सपाट जागेवर होते, दत्ता. उतारावर नाही. एवढे तुला ठाऊक असायला हवे.”

सुनीताने तोंडाला ओढणी लावली. “म्हंजे दत्तादादानंच गाडी भंगारात काढली होती म्हणा की!”

दत्ताने शेडच्या जमिनीकडे पाहिले. उतार त्याच्या लक्षात आला. त्याचा चेहरा उतरला आणि मला समाधान वाटले. मी या समाधानाची पुष्कळ वर्षे वाट पाहिली होती. ते फार वेळ टिकले नाही.

“बराबर हाय,” दत्ता म्हणाला. “माझंच चुकलं. पण मास्तर, मला गाडीतलं कळत न्हाई हे तुमाला म्हाईत. मग तुमी काहून येत न्हाई? वर्सातून एकदा येता, गाडीखाली घुसता अन् निघून जाता.”

“तू येतोस ना. तुझ्याजवळ सांगण्यासारखे आहे. मी तेथे नव्हतो.”

हे वाक्य मी यापूर्वी कधी मोठ्याने उच्चारले नव्हते. मायने सूप खाली ठेवले.

“तिथं नव्हतास, तर मग कुठं हुतास?”

“खाली. वर्कशॉपमध्ये. त्या दिवशी रेडिओसेटवर माझी ड्यूटी होती.”

“मंग पोरगं तुझ्यासंगं बोललं का?”

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. वरिष्ठांनी मेसेज विचारला होता, तो मी दिला होता. प्रदीप बोलला का, असे कोणी विचारले नव्हते आणि न विचारता सांगणे माझ्या स्वभावात नाही. शिवाय ते फक्त माझ्याजवळ होते. ते तसेच राहावे, असेही मला वाटत आले होते.

मी सांगितले. नेटवर, म्हणजे सगळे सेट ऐकतात त्या रेडिओ-वाहिनीवर, आधी त्याचा अधिकृत मेसेज आला. “गाडी नंबर चार. आगे स्लाइड है. गाडी रुकी है. उतरकर देखता हूँ. ओवर.” मी म्हणालो, “रॉजर. ओवर.” येथे बोलणे संपायला हवे होते. नेटवर खासगी बोलण्यास सक्त मनाई होती. पण सेट पुन्हा खरखरला आणि तो मराठीत बोलला.

“काय बोलला?” मायने विचारले.

“म्हणाला, ‘मास्तर, च्या ठिवा, उशीर व्हईल. दत्ता गाडी न्हाई, वरात चालवून राहिला.’”

मग माय हसली. प्रथम आवाज न करता, मग पदर तोंडाशी धरून. तिचे खांदे हलत होते. या घरात मी तिला हसताना प्रथमच पाहत होतो.

“असाच हुता,” ती म्हणाली. “लई वात्रट. बापालाबी सोडायचा न्हाई.”

दत्ता हसला नाही.

“वरात म्हणला?”

“वरात.”

“माझ्या म्हागारी?”

“तूच सांगतोस ना, तेव्हा तू मागच्या चाकाला बांधलेली बर्फाची चेन पाहायला उतरला होतास.”

“व्हय. उतरलो हुतो.” तो थांबला. “अजून काय म्हणला?”

“एवढेच. नंतर सेट बंद झाला.”

“इतकी वर्सं तुमच्यापाशी हुतं हे,” दत्ता म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी लगेच ओळखली. ती नजर दरवर्षी मी त्याच्यावर रोखत आलो होतो.

सुनीता फोन घेऊन अंगणात गेली आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगू लागली. मायने ओसरीवर आपल्या दोन्ही बाजूंना हात आपटून जागा दाखवली. आम्ही बसलो.

“आता नीट पयल्यापासून सांगा,” ती म्हणाली. “आदी मास्तर, मग दत्ता.”

मी सुरुवात केली. स्लाइड, गाडी थांबणे, रॉजर, चहा, वरात. मी थांबलो तेथून दत्ताने पुढे घेतले. तो उभा राहिला नाही, बसूनच हलक्या आवाजात बोलला. तो चेन पाहून पुढे आला तेव्हा लान्स नायक प्रदीपने सेट खाली ठेवला, गाडीचे दार उघडले, मफलर गुंडाळला, आपल्याच विनोदावर हसत रस्त्यावर उतरला आणि पुढे चालू लागला. तो हसत उतरला होता, हे दत्ताने त्या दिवशी प्रथमच सांगितले. प्रदीप का हसत होता, हे दत्ताला तोपर्यंत माहीत नव्हते.