कोरडं बोट

आमचं घर मिठागरात राबणारं. खाऱ्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, की मीठ कधी धरेल ते मी सांगायचो. ठाण्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटरचं काम शिकायला गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ही खोड नडली.

टाकीतलं मिठाचं पाणी पुरेसं दाट झालंय का, ते आकडे कोरलेली काचेची नळी त्यात तरंगवून बघायचं होतं. मी त्यात बोट बुडवून चाटलं आणि मला शिकवणाऱ्या मोठ्या ऑपरेटरना म्हटलं, “अजून कच्चं आहे.” त्यांनी नळी सोडली. आकडा कमीच निघाला. माझी मान ताठ झाली.

त्यांनी मला शेजारच्या टाकीपाशी नेलं. पाणी तसंच नितळ.

“आता हे चाख.”

मी हात पुढे केला आणि त्यांनी मनगट धरलं. “अॅसिड आहे रे. जीभ तुझी खरी, पण एकच आहे.”

सगळ्यांदेखत बोलले म्हणून दोन दिवस मी धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी ढवळलेलं मिठाचं पाणी किती जड हलतंय ते नुसतं बघून मी मनात आकडा धरला आणि मगच नळी सोडली. दोन्ही आकडे जुळले. बोट कोरडंच होतं.