उजवीकडचा दीड इंच

सकाळी सात वाजता रविना लोखंडी कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. नव्या स्कर्टची छापील लाल कोर डाव्या बाजूला चांगली तीन इंच खाली लोंबत होती. अकरा वाजता कोसबाडच्या बाजूला एका प्रशिक्षण केंद्रात तिची मुलाखत होती, शिवण शिकवणाऱ्या बाईच्या जागेसाठी. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की उमेदवाराने स्वतः शिवलेला कपडा घालून यावं.

रविनाचा डावा पाय जन्मापासून आखूड. उभी राहिली की डावा खुबा खाली जातो, उजवा वर येतो. विकतचा कुठलाही स्कर्ट तिच्या अंगावर डावीकडे उतरतो, साडीच्या निऱ्या तिरक्या पडतात, आणि माप घेणारे शिंपी असा काही चेहरा करतात की जणू घरात कोणी गेलंय. म्हणून बारा वर्षांपूर्वी तिने शिंप्यांचा नादच सोडला. डहाणूतल्या एका पारशी बाईंनी बंगला आवरताना तिला परदेशी पॅटर्नचं एक पाकीट दिलं होतं. आत पातळ कागद, कागदावर रेघा, शेजारी शेजारी आठ मापं. कागद चेहरा करत नाही, हे रविनाला फार आवडलं. पुढे ती मोबाइलवरून पॅटर्न विकत घेऊ लागली, झेरॉक्सवाल्याकडून छापून आणून पानाला पान चिकटवू लागली.

या कागदांची एक खोड आहे. त्यांच्यावर अर्धीच बाई असते. कापड दुमडा, कागद घडीला लावा, कापा, आणि उलगडलं की अख्खी बाई तयार. रविना तशी तयार होत नाही. म्हणून ती कापड दुमडतच नाही. डावी बाजू वेगळी आखायची, उजवी वेगळी, उजवीला कमरेपाशी दीड इंच वाढवायचं आणि दोन्ही चिकटवून एकच मोठा कागद करायचा. असे अकरा स्कर्ट झाले. ते घालून ती स्थिर उभी राहिली की खालची कोर पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसते. कोणाला काही कळत नाही.

कळू नये याची तिच्या आईला, हिरकणीला, पोरीपेक्षा जास्त काळजी. हिरकणी बाजारात सुकी मासळी विकते, तोंडाने कोणाला ऐकत नाही, पण रविनाबरोबर रस्त्याने निघाली की गुपचूप तिच्या डाव्या बाजूला येते. चौतीस वर्षं ती पोरीच्या डावीकडूनच चालत आली आहे.

"काय झाला गं?" दारातून हिरकणीने विचारलं. टोपली डोक्यावर घ्यायची तेवढी बाकी होती.

"उलटं कापलं गेलं, आये."

आता हे उलटं कसं झालं? रविना जिग्नेशच्या कपडे शिवायच्या दुकानात पडद्यामागे मशीनवर बसते. तिथे कापड दुपदरी आणि उलट्या अंगावरच आखायचं, हा कायदा. दोन्ही बाजू सारख्या निघतात, त्यामुळे बिघडत काहीच नाही. घरी मात्र ती कापड सुलटं पसरून त्यावर कागद ठेवते. काल दुपारी गडद निळ्या छपाईवर खडू उमटेना, तेव्हा दुकानच्या सवयीने हात गेला आणि तिने कापड पालथं केलं. कागद तसाच वर ठेवला. झालं! उजवीकडचा दीड इंच डावीकडे गेला. जिथे मुळातच दीड इंच उतरत होतं तिथे आणखी दीड. आणि ही बाई इतकी हुशार, की घालून न बघता चेन, कमरपट्टी सगळं शिवून मोकळी झाली. स्वतःच्या हातावर एवढा विश्वास बरा नव्हे.

"खालून काप ना तीन इंच," हिरकणी म्हणाली.

"कोर तिरकी जाईल. लांबून दिसेल."

"मग मागचा पुढे करून घाल."

रविनाने तेही करून पाहिलं. डावं उजवीकडे आलं खरं, पण मागच्या अंगाला दिलेली फुगवट पोटावर आली, आणि मागे स्कर्ट असा आवळला की बसता येईना. आरशात बघून तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

"तर मग साडी नेस. साडीत झाकतं सगळं."

"साडी मी शिवली का?" रविना खेकसली. जुना एखादा स्कर्ट घालावा, तर अकराही रोज घालून विटलेले. पडद्यामागे चालतात, मुलाखतीला नाही. कापडवाल्याकडे जाऊन तेवढंच कापड आणावं, तर तो ताग्याचा शेवटचा तुकडा होता. ती खाटेवर बसली. पुन्हा पडद्यामागे. जिग्नेश वाईट माणूस नाही, पण गिऱ्हाईक आलं की आजही तो पडदा नीट सारून घेतो.

स्कर्ट काढून तिने रागाने फेकला. तो उलटा होऊन पडला, आतल्या शिवणी बाहेर. ती बघत राहिली. मग तो तसाच उलटा चढवला. कोर सरळ! फक्त कापडाचं उलटं अंग बाहेर. निळा फिका, लाल कोर विटकरी, बुट्ट्या धुरकट.

"आये, टोपली ठेव. उसवायला बस."

साडेसात झाले होते आणि दहाची रिक्षा होती. शिवणी आत जायला हव्यात, म्हणजे बाजू, टक्स, चेन, पट्टी, खालची दुमड, सगळंच उसवायचं. मासळी साफ करणारी हिरकणीची बोटं भराभर चालली. एकदा ब्लेड कापडाला लागलं. कापड शिवणीच्या आतल्या बाजूला फाटलं होतं, निभावलं. दहाला पाच कमी असताना रविनाने शेवटचा दोरा दातांनी तोडला.

"कोणी विचारलंच उलट्या कापडाचा," हिरकणी तिला बजावत होती, "तर फॅशन हाय, सांग. पायाचा काढू नको."

केंद्रावर रविना सगळ्यांच्या आधी पोचून मशीनवर बसली. ही तिची जुनी युक्ती. बसलेल्या बाईची चाल कोण बघतं? मागून सात उमेदवार आल्या, भिंतीला लागून शिकणाऱ्या वीस-पंचवीस बायका बसल्या. परीक्षा घ्यायला विनिताबाई होत्या, चाळीस वर्षं शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. एकेकीला उभं करून त्या कपडा तपासत होत्या. रविनाची पाळी आली. ती मशीनला धरून ताठ उभी राहिली. विनिताबाईंनी वाकून कोरेवरून बोट फिरवलं.

"बसलाय छान. पण कापड उलटं का लावलंत?"

"बाई, हल्ली..." रविनाने सुरुवात केली. फॅशन हा शब्द जिभेवर आला होता. पण ज्या बोटाने चाळीस वर्षं कापड ओळखलं, त्याला काय फसवायचं? "चुकलं, बाई. उलट्या अंगावर आखून कापलं."

"त्याने काय होतं?" विनिताबाई सरळ झाल्या. "स्कर्टच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात. उलटं कापा, सुलटं कापा, एकच. खरं काय ते सांगा."

बाई खोटं ठरवत होत्या ते अगदी बरोबर होतं. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या बाईला ही चूक करताच आली नसती. चूक खरी ठरवायची तर पाय दाखवायलाच हवा होता. नाहीतर खोटारडी म्हणून घरी जा, कोर मात्र सरळ!

तिने मशीनवरचा हात काढला आणि फळ्याकडे चालू लागली. पंधरा पावलं होती. डावीकडे झुकत, उजवीकडे उचलत, कोर हेलकावे खात होती आणि सगळ्या बघत होत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फळ्यापाशी पोचून तिने खडू घेतला.

"माझ्या दोन बाजू सारख्या नाहीत," ती म्हणाली. आवाज कापत होता. "कागदावर अर्धी बाई असते. मला अख्खी काढावी लागते." मग तिने डावी बाजू काढली, उजवी काढली, दीड इंच कुठे वाढवायचा ते दाखवलं आणि काल तो कुठे गेला तेही दाखवलं. दाखवता दाखवता आवाज थांबला कापायचा. भिंतीकडून रानशेत गावची नवशी नावाची एक शिकाऊ बाई म्हणाली, "बाई, माझा एक खांदा खाली हाय. झंपर नेहमी उतरतो. त्याचापन असाच कागद होईल का?"

"होईल की," रविना म्हणाली. "इकडे या."

विनिताबाई खुर्ची ओढून बसल्या आणि उरलेल्या उमेदवारांना त्यांनी अर्धा तास थांबायला लावलं.

दुपारी हिरकणी बाजारात टोपली आवरत होती. लेक दिसताच ती उठली. "कळला नाय ना कोणाला?"

"सगळ्यांना कळलं. मीच सांगितलं."

हिरकणी मटकन खाली बसली. "मग गेली नोकरी."

"सोमवारपासून ये म्हणालेत."

हिरकणीने पदराने तोंड पुसलं, डोळे पुसले, टोपली काखेत मारली आणि निघताना सवयीने रविनाच्या डाव्या बाजूला आली. रविनाने तिचा दंड धरला आणि तिला आपल्या उजवीकडे घेतलं. मग दोघी भर बाजारातून रिक्षाकडे चालू लागल्या.