तिची गाठ राहिली

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. करणी, नजर, अंगात येणं असलं कुणी बोलायला लागलं की मी चहा टाकायला उठते... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

दुष्काळाचं वर्ष होतं. पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडे दादाचं घर बांधायचं चाललं होतं. जिकडेतिकडे प्लॉटिंग, आणि पाण्याच्या नावानं बोंब. पायाच्या खड्ड्यात एक दगडी मूर्ती निघाली – बाळंत होणारी बाई, गुडघे फाकवून बसलेली, मुंडक्याच्या जागी कमळ. हिला लज्जागौरी म्हणतात, असं मी पुस्तकी ज्ञान आईला ऐकवलं. आई म्हणाली, "लाज तर कुठं दिसंना हिच्यात."

वहिनीला नववा लागला होता. बिनमुंडक्याचं काही पोटुशीच्या नजरेला पडू नये, म्हणून आईनं आपलं जुनं लुगडं मूर्तीला गुंडाळलं, गच्च गाठी मारल्या आणि ती सिमेंटच्या गोण्यांमागे ठेवून दिली. वहिनीजवळ कुणी अवाक्षर काढलं नाही.

पुढे वहिनीला कळा सुरू झाल्या आणि मध्येच सगळं अडलं. बाळाचे ठोके कमी होताहेत, सिझरची तयारी करतो, असं डॉक्टर सांगून गेल्या. दादा पांढराफटक. आईनं आमच्याकडची जुनी रीत सुरू केली – बाई अडली की घरच्यांनी सगळ्या गाठी सोडायच्या. तिनं स्वतःचा अंबाडा सोडला, माझी वेणी सोडली, दादाच्या बुटाच्या नाड्या, डब्याचं फडकं... लोक बघत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि एकदम ती मटकन बाकावर बसली.

"बाई गं... तिची गाठ राहिली."

मी चिडले, वाद घातला. पण ती तशीच मोकळ्या केसांनी प्लॉटवर जायला रिक्षा बघायला निघाली. शेवटी स्कूटी काढली.

भर दुपारी प्लॉटवर चिटपाखरू नव्हतं. गाठी सुटता सुटेनात, नखांनी उकलल्या. शेवटची सुटली तेव्हा बघितलं, लुगडं खालून ओलं होतं, मातीही ओली. टँकरचं सांडलं असेल, म्हणाल तुम्ही. त्या वर्षी टँकरचं पाणी कुणी सांडू देत नव्हतं. तेवढ्यात दादाचा फोन – मोकळी झाली, मुलगी आहे, सिझर लागलं नाही.

योगायोग, असं स्वतःला बजावत मी परतले.

संध्याकाळी वहिनीजवळ बसले होते. तिनं माझा हात हातात घेतला, बोटं निरखली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, सोडवलंत खरं... पण नखं लई लागली हो तुमची."

मी लेबर रूमच्या दारापर्यंतही गेले नव्हते. मूर्तीचं तर तिला ठाऊकच नव्हतं.

बरीच वर्षं झाली. भाची आता माझ्याकडेच केमिस्ट्री शिकायला येते, प्रश्न विचारून भंडावून सोडते. ती समोर वही उघडून बसली की मनात येतंच – मी आईशी आणखी थोडा वेळ वाद घालत बसले असते तर?