खिळ्याची कावीळ

आमच्या सोनागिरीच्या घरात पुढच्या दारातून आत शिरलं की उजव्या हाताला एक खिळा आहे. नवरा असताना त्यावर त्याची पिशवी असायची. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी तो ती पिशवी काढून झटकायचा आणि परत अडकवायचा. तो गेल्यावर खिळा रिकामाच होता. मग एका उन्हाळ्यात त्या खिळ्याला कावीळ झाली आणि ती कशी उतरते हे मी रोज फूटपट्टी लावून मोजलं. मी, जिने सत्तावीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवलं.

मी मूळची नागपूरची. लग्न होऊन भोपाळला, बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले, नवरा कारखान्यात आणि मी कारखान्याच्याच शाळेत. तिथे कोणाकडे पाहुणे आले, कोणाकडे भांडण झालं, हे दुपारचा भोंगा वाजायच्या आत सगळ्या ओळीला ठाऊक व्हायचं. मला त्याचा काही त्रास नव्हता, कारण सांगणाऱ्यांत मी पुढेच असायची. शेजारच्या क्वार्टरमध्ये भाभी राहायची, सागर जिल्ह्याकडची. निवृत्तीनंतर आम्ही दोन्ही घरांनी सोनागिरीत शेजारी शेजारी प्लॉट घेतले, मधली भिंत मुद्दाम बुटकी ठेवली आणि तिच्यावरून वाट्या इकडून तिकडे जात राहिल्या.

मुलगा पुण्यात नोकरीला. बत्तीस वर्षांचा, लग्नाचं नाव काढलं की फोन ठेवणारा. फेब्रुवारीत सुट्टीवर आला तेव्हा पायरी चढतानाच धापा टाकत होता. हिरड्यांतून रक्त, दंडावर काळेनिळे डाग. मी आधी त्याच्या बाहेरच्या खाण्यावर तोंडसुख घेतलं. आठवडाभराने साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की रक्ताचा कॅन्सर आहे, उपचार लांबचे आहेत पण आहेत. मी म्हटलं, पुण्याला करायचं का? तर हा म्हणाला, "पुण्यात मला बघणार कोण, रूममेट?"

"मी येईन की."

"आई, तू तिथे येऊन रूममेटला रडवशील. इथेच ठीक आहे."

हसलो आम्ही. डॉक्टरही हसले. रिक्षातून घरी आलो तर भाभी फाटकाशीच उभी. "क्या निकला?" आणि माझ्या तोंडून, एक श्वासही न घेता, निघून गेलं, "पीलिया."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

कावीळ असं का बोलले ते सांगते, कारण त्यानंतर कितीतरी वेळा मी ते स्वतःलाच विचारलंय. बरखेड्यात आमच्या मागच्या ओळीत एकांना कॅन्सर झाला होता. मी भेटायला गेले होते. सफरचंदं नेली, पलंगाच्या कडेला बसले आणि आवाज खाली घेतला. त्या माणसाशी बोलतच नव्हते मी, त्याच्या बायकोशी बोलत होते, आणि तो समोर जागा होता. परत येताना मैत्रिणींबरोबर त्याच्या पोरींच्या लग्नांची चर्चाही करून टाकली. माणूस पुढे आठ महिने जगला, पण आमच्या लेखी तो त्या दुपारीच गेलेला होता. लोक कसे बघतात हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण मीच तशी बघून आले होते. माझ्या मुलाकडे तसं कोणी बघितलेलं मला चालणार नव्हतं.

शिवाय कावीळ सोयीची होती. किमो सुरू झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं की घरात माणसांची ये-जा नको, कच्चं काही नको, बाहेरचा रस नको, खोलीत फुलं-झाडपाला नको. मी गल्लीत सांगून टाकलं, संसर्गाची कावीळ आहे, लांबूनच विचारा. केस गळायला लागले तेव्हा भाभीने भिंतीवरून विचारलं, "पीलिया में बाल भी जाते हैं?" मी म्हटलं, "दवाई बहुत गरम है." एक खोटं बोललं की त्याला रोज खायला घालावं लागतं.

आता काविळीवर आमच्या भागात काय काय करतात ते मी विसरलेच होते. दुसऱ्या दिवसापासून भाभीकडून रोज तांब्याभर उसाचा रस यायला लागला. तिच्यासमोर घ्यायचा, दार लावायचं आणि मागच्या अंगणात जास्वंदीला ओतायचा. आठवडाभरात तिथे मुंग्यांची जत्रा भरली. मुलगा पडल्या पडल्या म्हणाला, "आई, जास्वंदीला शुगर होणार आता."

आणि मग माळ आली. कसल्याशा झुडपाच्या काड्यांचे बारके तुकडे दोऱ्यात गाठी मारून गुंफलेले असतात. रोग्याच्या गळ्यात घालायची. जसजशी कावीळ उतरते तसतशी ती लांब होत जाते, असं म्हणतात. रायसेन रोडवर एक म्हातारा ती करून द्यायचा आणि ती उपाशीपोटी, वाटेत कोणाशीही एक शब्द न बोलता आणावी लागते. भाभी सकाळी सहापासून अकरापर्यंत गप्प राहिली. तिला ओळखणाऱ्याला कळेल, हे केवढं मोठं काम आहे.

ती माळ खोलीत नेणं शक्य नव्हतं. टाकवेना. मी ती खिळ्याला अडकवली आणि भाभीला सांगितलं, गळ्यात आहे. पहिल्या दिवशी ती नऊ इंच लोंबत होती. पाचव्या दिवशी अकरा. कारण साधं आहे. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो. हा प्रयोग मी आठवीच्या पोरांकडून करून घेतला असता. पण रोज सकाळी मुलाचं टेम्परेचर घेतलं की मी फूटपट्टी घेऊन दारामागे जायची. त्याच्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या त्या दिवशी माळ पाव इंच वाढली होती, आणि मला बरं वाटलं. मुलाने एकदा मला फूटपट्टीसकट पकडलं. म्हणाला, "वा, खिळा रिकव्हर होतोय."

हसत होता, म्हणून मला वाटायचं की सगळं नीट चाललंय. संध्याकाळी नवऱ्याच्या कारखान्यातली जुनी मंडळी, गल्लीतले लोक, फाटकाबाहेर थांबून विचारपूस करायचे. मी त्याला टोपी घालून खिडकीच्या जाळीमागे उभं करायची. "अरे, हमको भी हुआ था पीलिया, पंद्रह दिन में टनाटन!" असं कोणीतरी ओरडायचं. तो अंगठा दाखवायचा. लोक गेले की भिंत धरून पलंगापर्यंत यायचा आणि अर्धा तास धापा टाकत पडून राहायचा. मे महिन्यात एकदा असाच पडलेला असताना म्हणाला, "आई, मला हे रोजचं सोंग नाही जमत. सांगून टाक ना यार."

"सांगू."

"कब?"

"बरा झालास की सांगू."

तो भिंतीकडे वळला. मी मऊ भात लावायला गेले.

जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी त्याच्या नाकातून रक्त वाहायला लागलं ते थांबेचना. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं, तर प्लेटलेट जवळजवळ संपलेल्या. भरती करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, त्याचा बी निगेटिव्ह गट रक्तपेढीत आज नाही. दुसरीकडे विचारतो आहोत, पण तुम्हीही माणूस शोधा, मशीनवर बसून प्लेटलेट देऊ शकेल असा. संध्याकाळपर्यंत हवा. डोक्यात रक्तस्राव झाला तर अवघड होईल. माझा गट वेगळा आणि वयही बसत नव्हतं. फोनमधले सगळे नंबर फिरवले. पुण्याचे त्याचे मित्र ओळखीच्यांना विचारतो म्हणाले. भोपाळमधल्या कोणालाही मी विचारू शकत नव्हते, कारण काविळीला प्लेटलेट कशाला? दुपारी चार वाजता नर्सताई म्हणाली, मी आहे इथे, तुम्ही घरून काय आणायचं ते आणा. नवऱ्याच्या जुन्या डायरीत कारखान्यातल्या लोकांचे नंबर होते, एकेकाला गुपचूप विचारायचं ठरवून ते आणायला मी निघाले.

गल्लीत वळले तर मांडव. सतरंज्या, ढोलक, माइक, पन्नास-साठ माणसं. पहिल्या पाळीवरून थेट आलेले, डबे शेजारी ठेवून बसलेले. मंगळवारचं भजन भाभीकडे असतं हे मला माहीत होतं, पण ते नेहमी घरात, दहा बायकांचं. ती मला बघून धावत आली. "आपके लड़के के लिए रखा है. पीलिया इतना लंबा खिंच गया, मैंने कहा सब मिलके बैठेंगे."

मला घरात जाऊन डायरी घ्यायची होती. दहा पावलांवर माझं फाटक होतं. त्या दहा पावलांत मला कळून चुकलं की डायरीतल्या माणसांपैकी निम्मी इथेच बसली आहेत. मी सतरंजीवर चपलांसकट गेले, गाणाऱ्या बाईच्या हातातून माइक घेतला आणि माझ्या नागपुरी हिंदीत म्हणाले, "मैं झूठ बोली. लड़के को पीलिया नहीं है. खून का कैंसर है. चार महीने से है. आज शाम तक बी निगेटिव वाला कोई चाहिए, नहीं तो…"

ढोलक थांबलं होतं. भाभीचा चेहरा मी पाहिला आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिने माझ्या हातातून माइक काढून घेतला. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर धुणार. ती म्हणाली, "जिसका बी निगेटिव है, खड़े हो जाओ. बाकी सब बैठो, भजन पूरा होगा."

एक माणूस उभा राहिला. रोज माझ्या फाटकासमोर स्कूटर लावणारा. चार वर्षं आमचं त्यावरून भांडण. दोनदा मी त्याच्या चाकातली हवा सोडली होती आणि त्याला ते माहीत होतं. डबा बायकोकडे देत म्हणाला, "चलिए मैडम. स्कूटर आज वैसे भी आपके गेट पे ही खड़ी है."

तो स्कूटरवर पुढे गेला. भाभी माझ्याबरोबर रिक्षात बसली, स्वतःच बोलावलेले पाहुणे सोडून. बरखेड्याचं वळण आलं तशी ती सुरू झाली. "तीस साल में मैंने आपसे क्या छुपाया? इनकी दारू छुपाई? बड़ी बेटी ससुराल से लौटी, तो सबसे पहले किसको बताया? मेरा ऑपरेशन हुआ, तो कौन था मेरे पास?"

"मैं."

"और आप! मैं उसको गन्ने का रस पिलाती रही!"

"पिया नहीं उसने. झाड़ में डाला."

"और माला?"

"खीले पे टांगी है."

तिने हळूच विचारलं, "बढ़ी?"

"साढ़े सात इंच बढ़ी."

"देखो," असं म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

स्कूटरवाल्याच्या तपासण्या झाल्या, दीड तास तो मशीनवर बसला. मी त्याला स्वतःच्या हाताने बिस्किटं भरवायला गेले तर म्हणाला, मैडम, हवा आता सोडणार नाही एवढं सांगा, बस. मी कबूल केलं. आठच्या सुमाराला मुलाला पिशवी लागली. नाकातलं रक्त थांबलं. पुढे किमोच्या आणखी सायकल झाल्या, दोनदा तर परिस्थिती याहून वाईट झाली, आणि प्रत्येक वेळी गल्लीत रक्त देणाऱ्यांची यादी आधीच तयार असायची. आज तो पुण्यात आहे, ठरलेल्या तारखांना रक्त तपासून घेतो. माळ अजून खिळ्यावरच आहे. भाभी ती उतरवू देत नाही आणि मी उतरवत नाही.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. प्लेटलेटची पिशवी पिवळी असते, हे मला विज्ञान शिकवूनही माहीत नव्हतं. मुलाने मान वर करून ती पाहिली आणि म्हणाला, "आई, शेवटी पिवळंच निघालं बघ."

मी त्याला सांगितलं, की सांगून टाकलं सगळ्यांना.

"सगळ्यांना म्हणजे?"

"माइकवर."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं चिडला. मग म्हणाला, "म्हणजे आता खिडकीत उभं नाही राहायचं?"

"नाही."

"अंगठा नाही दाखवायचा?"

"नाही रे."

तेव्हा तो रडला. बत्तीस वर्षांचा माझा मुलगा, सलाइनचा हात तसाच सरळ ठेवून, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरून, लहानपणी रडायचा तसा मोठ्याने. म्हणाला, "आई, मला खूप भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते."

चार महिने मी त्याच्या उशाशी बसून होते आणि हे त्याला मला सांगता येत नव्हतं, कारण मीच त्याला काविळीचा पेशंट करून ठेवलं होतं.

"मलाही वाटते," मी म्हटलं.