आधीच्या पेशंटचा आकडा

पुसदच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये महागावकडच्या बंजारा तांड्यावरची एक मुलगी टेक्निशियन होती. तिने दोन बायकांच्या रक्ताच्या नळ्या बदलल्या, असं तिच्याविषयी आजही बोललं जातं. तिने बदलल्या नव्हत्या. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती आणि ती मला तेव्हाच सापडली होती.

मी कॉलेजात गणित शिकवायचो, पुढे कॉम्प्युटरही. निवृत्तीनंतर लॅबच्या डॉक्टरांना रिपोर्टचा प्रोग्रॅम करून दिला. रक्त तपासणारं मशीन आकडे पाठवणार, प्रोग्रॅम ते पेशंटच्या नावापुढे छापणार, एवढंच काम. ऑब्जेक्ट म्हणजे एका माणसाची माहिती ठेवायचा डबा. प्रत्येक पेशंटला नवा डबा करावा, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. इथे मात्र एकच केला. नवा पेशंट आला की नाव बदलायचं, जुन्या आकड्यांवर नवे बसायचे. नवा आकडा आलाच नाही तर काय, याचा विचार केला नाही.

सुरुवातीला मशीनची केबल ढिली झाली की प्रोग्रॅम थांबायचा आणि पडद्यावर इंग्रजी ओळी यायच्या. बाहेर पेशंट ताटकळलेले, आणि डॉक्टरांचा फोन, "सर, तुमचं हे पुन्हा बंद पडलं." मला लाज वाटे. मग मी ती एरर पकडणारा कॅच ब्लॉक लिहिला आणि त्याच्या आत काहीच लिहिलं नाही. एरर येई, पण कोणाला दिसत नसे, आणि प्रोग्रॅम पुढे चालत राही. रडणाऱ्या लेकराच्या तोंडावर हात ठेवण्यासारखं होतं ते. दुखतंय कुठे हे नंतर बघू म्हणालो आणि राहून गेलं.

एकदा केबल हलली आणि एका गरोदर बाईच्या नावापुढे आधीच्या पेशंटचं चांगलं हिमोग्लोबिन छापलं गेलं. तिच्या अंगात रक्त किती कमी आहे हे बाळंतपणात कळलं. यवतमाळला नेऊन रक्त चढवावं लागलं. आई आणि बाळ वाचले. पोरीने नळ्या बदलल्या म्हणत घरची माणसं लॅबवर चालून आली.

डॉक्टरांनी मला बोलावलं. मुलगी भिंतीशी उभी होती.

"सर, मी नळ्या नाही बदलवल्या. नाव लिहिल्याबिगर मी नळी खाली ठेवतच नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रोग्रॅमचं तर काही नाही ना?"

"कॉम्प्युटर दिलं तेच छापतो," मी म्हणालो.

घरी येऊन एक आकडा मुद्दाम न देता प्रोग्रॅम चालवला. आधीचा आकडा निमूट छापून आला. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती बसवली. आता प्रत्येकाला नवा ऑब्जेक्ट होता, आणि आकडा नसेल तर रिपोर्टच निघणार नव्हता. सुधारणा केली, एवढंच डॉक्टरांना सांगितलं. त्याच आठवड्यात तिला कामावरून काढलं.

यंदा अखेर डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं.

"आता कायले उकरता सर? लॅबचं नाव जाईन."

"तिचं तर गेलंच आहे," मी म्हणालो आणि उठलो.

तांड्यावर ती अंगणात सोयाबीन वाळवत होती. मी बोललो ते तिने उभ्यानेच ऐकलं. मग गोर बोलीत आईला काहीतरी सांगितलं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मले कायले सांगता सर? मी नाही बदलवल्या, हे मले तं पहिलेच मालूम होतं," ती म्हणाली. "ज्याईले मालूम नाही त्याईले सांगा. ते बाई बजारात दिसली तं अजून तोंड फिरवते माह्याकडून."

मी त्या बाईच्या घरी गेलो. नवरा दारातच भेटला. लॅबवर सगळ्यात जास्त तोच ओरडला होता. मी दारात उभ्यानेच सांगितलं: केबल, प्रोग्रॅम, माझं गप्प राहणं. प्रोग्रॅमचं त्याला किती कळलं माहीत नाही.

"म्हणजे त्या पोरीनं काहीच केलं नव्हतं?"

"नाही."

"आम्ही तिचा तांडा काढून बोललो होतो."

आत जाऊन बायकोशी बोलला, बराच वेळ. मग गाडीची किल्ली घेऊन बाहेर आला. मागून ती, डोक्यावर पदर घेत.

"घर दाखवा तिचं," तो म्हणाला.